गोळी सुटताना मेंदूत काय होतं? अफूच्या कुळातली औषधं आणि उंदरांवरचे प्रयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवतो. ओपिऑइडचा धडा वर्गात दोन तासांत संपतो, वर्गाबाहेर मात्र वर्षभर चालू राहतो. कुणाचा दीर रात्रपाळीत कॅप्सूल घेतो, कुणाच्या मुलाच्या बॅगेत खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडतात. मग लोक फोन करतात आणि शेवटी हळूच विचारतात, "सर, एवढं शिकलेलं पोरगं, मनावर घेतलं तर सुटणार नाही का?" त्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी उंदरांनी दिलेलं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

ओपिऑइड म्हणजे नेमकी कोणती औषधं? एमडी त्यातच येतं का?

अफू, मॉर्फिन, हेरॉइन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन हे सगळं एका कुळातलं. काही थेट अफूच्या बोंडातून येतात, काही कारखान्यात तयार होतात. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते उत्तेजक आहे, ओपिऑइड नव्हे. भेसळीच्या शिंदीतलं क्लोरल हायड्रेटही ओपिऑइड नव्हे. नवरा, मुलगा, भाऊ नेमकं काय घेतो हे आधी कळायला हवं, कारण प्रत्येकाचं सुटणं वेगळं असतं. "नशेची गोळी" एवढ्यावर कुठलाच डॉक्टर काही ठरवू शकत नाही. रिकामी स्ट्रिप सापडली तर रागाने फेकू नका, सोबत न्या.

मेंदूत अफूसाठी जागा आली कुठून?

अफूसाठी नव्हेच ती. १९७३ मध्ये अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये मिळून तीन प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं, की मॉर्फिन मेंदूत ठरावीक ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन चिकटतं. पण उंदरापासून माणसापर्यंत सगळ्यांना झाडाच्या चिकासाठी कुलूप कशाला असेल? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमधून आलं. जॉन ह्यूझ आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत एन्केफालिन सापडलं. शरीर आपली किल्ली स्वतःच बनवतं, अफू ही नकली किल्ली.

या ग्राहींचे मुख्य प्रकार म्यू, डेल्टा आणि कॅप्पा. नशा, वेदनाशमन आणि अवलंबन हे मुख्यतः म्यूचं काम. १९९६ मध्ये म्यूचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना मॉर्फिन दिलं तर दुखणं कमी झालं नाही, गोडी लागली नाही आणि बंद केल्यावर त्रासही झाला नाही. एक कुलूप काढलं आणि तिन्ही दारं बंद झाली.

गोळी बंद केली की एवढा त्रास का होतो?

यंत्रमागाच्या शेडमध्ये कधी गेला असाल तर हे पटकन कळेल. शेडमध्ये माग चालू असताना माणूस बोलत नाही, ओरडतो. बाजूच्याला "कांडी दे" एवढं सांगायलाही छाती भरून ओरडावं लागतं. आणि मध्येच लाइट जाते. सगळे माग एकदम थांबतात, पण दोनचार माणसं त्याच वरच्या पट्टीत ओरडत राहतात. मग सगळे हसतात.

मेंदूच्या पेशींचं असंच होतं, फक्त हसण्यासारखं काही नसतं. ओपिऑइड पेशीचा आवाज दाबतं. पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू असतो, त्याचं उत्पादन म्यू ग्राही कमी करतो, पोटॅशियमचे मार्ग उघडतो आणि पेशी मंदावते. दिवसामागून दिवस असंच दाबलं गेलं की पेशी गप्प बसत नाही. सायक्लिक एएमपी बनवणारी यंत्रणा ती वाढवून घेते, म्हणजे ओरडून बोलायला शिकते. गोळी चालू आहे तोवर बाहेरून सगळं शांत. गोळी थांबली की लाइट गेली, आणि पेशी ओरडतेच आहे.

ही गोष्ट पहिल्यांदा जिवंत मेंदूत नाही, काचेच्या बशीत दिसली. १९७५ मध्ये शर्मा, क्ली आणि नीरेनबर्ग यांनी उंदरांच्या पेशींपासून बनवलेल्या एका संकरित पेशीला मॉर्फिनची सवय लावली आणि मग काढून घेतलं, तर सायक्लिक एएमपी उसळलं. यातले नीरेनबर्ग म्हणजे जनुकीय संकेत उलगडल्याबद्दल १९६८ मध्ये नोबेल मिळालेले. बशीतल्या पेशीला मन नसतं, संगत नसते, आईबापांचे संस्कार नसतात. तिलाही विथड्रॉवल, म्हणजे औषध तुटल्याचा त्रास, होतो! "मनाचा कमकुवतपणा" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो.

पण घाम, काटा, जांभया, जुलाब हे सगळं एकदम कुठून येतं?

मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी, त्यातल्या या ठिपक्यात दोन्ही बाजू मिळून पन्नास हजारांच्या आसपास. पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात आणि त्या नॉरअ‍ॅड्रिनालिन सोडतात. जागं राहणं, दचकणं, छाती धडधडणं ही त्यांची कामं. ओपिऑइडने हा ठिपका मंदावतो. सवय लागलेल्या उंदराचं मॉर्फिन अडवलं की हाच ठिपका नेहमीपेक्षा कितीतरी जोरात धडाडू लागतो.

म्हणून सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४३ वर असताना, कूलर बंद करायला लावून चादर मागणारा माणूस मी पाहिला आहे. अंगावर काटा, कपाळावर घाम, बुबुळं रुंदावलेली, नाक गळतंय आणि जांभयांवर जांभया. घरचे म्हणत होते नाटक करतोय. काटा नाटकाने आणता येत नाही. तो प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक स्नायूंचा कारभार आहे, आणि त्यांना हुकूम नॉरअ‍ॅड्रिनालिनचा.

जुलाबाचं थोडं वेगळं आहे. आतड्यातही ओपिऑइड ग्राही असतात. गोळीने आतडी सुस्तावतात, म्हणून बद्धकोष्ठ. गोळी थांबली की उलटं होतं, आणि त्यातला बराच भाग आतड्यातच घडतो.

उंदराला विथड्रॉवल झालंय हे कसं ओळखतात?

विद्यार्थी असताना मी हे जवळून पाहिलं. कॉलेजचं नाव नको. उंच काचेच्या नळकांड्यात छोटा पांढरा उंदीर ठेवलेला. तीन दिवस कातडीखाली मॉर्फिनची गोळी होती. त्याला नॅलोक्सोनचं, म्हणजे मॉर्फिनला अडवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. मिनिटभर काही नाही. मग त्याने पुढचे पंजे झटकले, जसं भांडी घासून बाई हातावरचं पाणी झटकते तसे. मग उडी मारली. सरळ वर, चारही पाय उचलून. परत मारली. माझ्या हातात बसकंडक्टरकडे असायचं तसं मोजणीचं बटण होतं आणि मला फक्त उड्या मोजायच्या होत्या. दहा मिनिटांनी अंगठा दुखायला लागला. आकडा आज आठवत नाही, नखांचा काचेवर होणारा आवाज आठवतो.

मोठ्या जातीचा उंदीर, म्हणजे रॅट, एवढा उडत नाही. तो ओल्या कुत्र्यासारखं अंग झाडतो, दात कडकडवतो, पापण्या मिटत येतात, जुलाब होतात, वजन घटतं. प्रत्येक लक्षणाला गुण देऊन बेरीज करायची असते.

त्या दिवशी आमच्या गटातल्या एकाने मोजणी उरकायची म्हणून आकडे अंदाजाने भरले होते. सरांना कळलं, पण त्यांनी काही म्हटलं नाही. मला ते अजून खटकतं. जिवाला एवढा त्रास द्यायचा आणि मोजायचंही नाही?

नॅलोक्सोन का देतात? नुसतं मॉर्फिन बंद का करत नाहीत?

दोन्ही करतात. नुसतं बंद केलं की औषध हळूहळू उतरतं आणि लक्षणं तासातासांवर पसरतात, मोजायला अवघड. नॅलोक्सोन ग्राहीवरून मॉर्फिनला ढकलून देतं आणि सगळं काही मिनिटांत उसळतं. हेच नॅलोक्सोन अतिडोसमुळे श्वास मंदावलेल्या माणसाला परत आणतं. जीव वाचतो, पण शुद्धीवर आल्या आल्या तो शिव्या का देतो, हेही त्यातूनच कळतं.

म्हणजे सगळा दोष त्या निळ्या ठिपक्याचा?

आम्हीही तसंच शिकलो. पुस्तकात बाण काढायला सोपं पडतं. पुढे काही प्रयोगशाळांनी उंदरांतल्या त्या ठिपक्याच्या नॉरअ‍ॅड्रिनालिन पेशी रसायनाने मारून पाहिल्या, तरी विथड्रॉवल बऱ्यापैकी झालंच. म्हणजे बाकीचेही भागीदार आहेत. ठिपक्याची स्वतःची उसळी आहेच, शिवाय मेंदूच्या देठातल्याच दुसऱ्या भागातून ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा मारा त्याच्यावर होतो. मध्यमेंदूतल्या पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे भागात थेट नॅलोक्सोनसारखं रोधक औषध सोडलं तरी शारीरिक लक्षणं येतात.

मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते १९९० च्या सुमाराचं काम. रोधक औषध मेंदूच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत थेंबभर सोडून पाहिलं. काही ठिकाणी अंग झाडणं, उड्या मारणं दिसलं. सुखाशी आणि ओढीशी जोडलेल्या न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्समध्ये सोडलं तर अंगावर फारसं काही दिसलं नाही, पण ज्या खोलीत हे घडलं त्या खोलीत उंदीर पुन्हा जाईना. अंगाचा त्रास आणि जिवाची नकोशी अवस्था, दोन्हींचे पत्ते वेगळे.

आठवड्यात अंगाचा त्रास गेला, तरी आमचे हे गप्प गप्पच. जेवण नको, टीव्ही नको. असं का?

वहिनी, हा तो दुसरा पत्ता. विथड्रॉवलमध्ये अ‍ॅकम्बन्समधलं डोपामिन हे ओढीचं, उत्साहाचं रसायन खाली जातं. उंदरांमध्ये हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे. त्याच वेळी अमिग्डाला या भीती-ताणाशी जोडलेल्या भागाच्या आसपास ताणाचं रसायन सीआरएफ वाढतं, आणि डायनॉर्फिन हे कॅप्पा ग्राहीवर बसून उदासी आणतं. मेंदूने गोळीच्या सुखाला तोलायला ठेवलेली ही वजनं आहेत, आणि ती उतरायला हातपाय ओढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शेंगा चटणी आणि कडक भाकरी समोर ठेवूनही तो खात नसेल, तर तो तुमच्यावर रुसलेला नाही. तूर्त त्याला काहीच चविष्ट लागत नाही.

सवय झाली की औषधाचा परिणाम कमी होतो असं ऐकलंय. मग हे सेन्सिटायझेशन काय?

या पानावरचा मला सर्वांत आवडता प्रश्न.

दोन्ही खरं आहे, एकाच मेंदूत आणि एकाच वेळी. रॅटला मॉर्फिनचा मोठा डोस पहिल्यांदा दिला की तो आधी सुस्त पडतो, आणि काही तासांनी उठून पळापळ करतो. रोज देत गेलं की सुस्ती कमी कमी होते, ती झाली सवय, म्हणजे टॉलरन्स. पळापळ मात्र वाढत जाते, लवकर सुरू होते. ते सेन्सिटायझेशन, मराठीत संवेदीकरण. मध्ये आठवडे, अगदी महिने खंड पडला तरी ते टिकलेलं दिसतं. सलग थेंबथेंब औषध देण्यापेक्षा थांबून थांबून, टोचून दिलं तर ते जास्त होतं. "मी रोज नाही घेत, शनिवारीच घेतो" म्हणणाऱ्याने यावर थोडा विचार करावा.

घडतं कुठे? मध्यमेंदूतल्या व्हीटीए भागात, जिथून डोपामिनचे तंतू अ‍ॅकम्बन्सकडे जातात. १९९२ मध्ये जॉन्सन आणि नॉर्थ यांनी दाखवलं की ओपिऑइड डोपामिनच्या पेशींना थेट चेतवत नाही, त्यांच्यावर पाय ठेवून बसलेल्या गाबा पेशींना, म्हणजे त्यांना रोखणाऱ्या पेशींना, गप्प करतं. पहारेकरी झोपला की गल्लीत गोंधळ, तसं. मॉर्फिन फक्त व्हीटीएत पुन्हा पुन्हा सोडलं तरी संवेदीकरण होतं. आणि ते औषध ओलांडून पुढे जातं: असा उंदीर पुढे अ‍ॅम्फेटामिनलाही जास्त प्रतिसाद देतो.

पळापळीचं माणसाला काय? १९९३ मध्ये टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी म्हटलं की वाढते ती गोडी नाही, वाढते ती ओढ. "आवडतं" आणि "हवं" या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षानुवर्षं घेणारा स्वतःच सांगतो, "आता मजा येत नाही, तरी लागतं." सोलापुरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तो सिद्धान्त मला परका वाटतच नाही. त्याच्यावर वाद आहेत, आणि ओपिऑइडपेक्षा कोकेन-अ‍ॅम्फेटामिनवर त्याचा जास्त अभ्यास झाला आहे, हेही सांगायला हवं. एक गंमत अशी की कोकेनने अ‍ॅकम्बन्सच्या पेशींवरचे बारीक काटे वाढतात आणि मॉर्फिनने कमी होतात, तरी दोन्हींनी उंदीर जास्त पळू लागतो. बाहेरून सारखं दिसणारं आतून सारखं असतंच असं नाही.

एकदाच घेतली तर काही होत नाही ना?

२००३ चा एक प्रयोग आहे. उंदरांना मॉर्फिनचा एकच डोस दिला आणि दुसऱ्या दिवशी व्हीटीएतल्या डोपामिन पेशींवरची ग्लुटामेटची जोडणी पाहिली. ती बळकट झालेली होती. कोकेन, निकोटिन, दारू यांनीही तेच. आणि औषध काहीच न देता उंदरांना नुसता तीव्र ताण दिला, तरीही तेच. कर्जाचे हप्ते, रात्रपाळी, घरचं भांडण यांच्या जोडीला गोळी लवकर का रुजते, याचा धागा मला इथे दिसतो.

यावरून एका गोळीने माणूस व्यसनी होतो असं मात्र म्हणू नका. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक घ्यायला घाबरण्याचं कारण नाही.

जागेचा, माणसांचा, वासाचा काय संबंध?

१९८२ मध्ये कॅनडातल्या शेपर्ड सीगल यांनी उंदरांना ठरावीक खोलीत हेरॉइनची सवय लावली. मग सर्वांना एक मोठा डोस दिला. कधीच हेरॉइन न मिळालेल्या उंदरांपैकी सुमारे ९६ टक्के मेले. सवयीच्या खोलीतले ३२ टक्के. सवय तेवढीच, पण खोली नवी, त्यातले ६४ टक्के. खोली ओळखीची असली की औषध येण्याआधीच शरीर उलट बाजूने जोर लावून तयार राहतं. नव्या खोलीत ती तयारी नसते.

याची दुसरी बाजू: ओळखीच्या जागी गेलं आणि औषध नाही मिळालं, तर ती तयारी तशीच अंगावर येते. महिनाभर कोरडा असलेला माणूस जुन्या मेडिकलसमोरून जाताना जांभया द्यायला लागतो, तो याचमुळे.

सुटून तीन आठवडे झाले. आता तलफ रोज थोडी थोडी उतरायला हवी ना?

उंदीर तसं सांगत नाहीत. स्वतः खटका दाबून हेरॉइन घेणाऱ्या रॅटचं औषध बंद करून ठेवलं, तर पहिल्या दिवसापेक्षा सहाव्या, बाराव्या, पंचविसाव्या दिवशी ते खटका जास्त दाबतात. ६६ व्या दिवशी ते कमी झालेलं होतं. माणसाचे दिवस उंदराच्या दिवसांशी जुळत नाहीत, तेव्हा कॅलेंडरवर खुणा करू नका. पण "आता बरा झाला" म्हणून पगार हातात देण्याची घाई नेमकी याच काळात होते.

मुक्या जिवांना त्रास देऊन हे सगळं करायलाच हवं का?

मला याचं सोपं उत्तर जमलेलं नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि शिकवण्यासाठीचे बरेच प्रयोग आता संगणकावर दाखवतात. माझ्या विद्यार्थ्यांनी नखांचा तो आवाज ऐकलेला नाही, हे बरंच झालं.

यातून औषध काय मिळालं?

क्लोनिडिन हे रक्तदाबाचं औषध उंदरांच्या निळ्या ठिपक्याला शांत करतं हे दिसलं, आणि १९७८ मध्येच ते माणसांच्या विथड्रॉवलवर वापरून पाहिलं गेलं. घाम, काटा, धडधड कमी होते. रक्तदाब उतरतो, म्हणून देखरेख लागते. त्याचंच भावंड लोफेक्सिडिनला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. मात्र दोन्ही फक्त पहिल्या पत्त्यावर पोचतात, ओढ तशीच राहते. ओढीसाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन. ही म्यू ग्राहीवर बसून राहतात, चढउतार होऊ देत नाहीत. "एक सोडून दुसरी नशा" म्हणणारे घरोघरी आहेत. मी त्यांना टोचून देणं आणि सलग देणं यातला फरक पुन्हा वाचायला सांगतो.

घरी कोंडून बंद करावं का?

नको. ओपिऑइडचं विथड्रॉवल सहसा जीव घेत नाही, पण उलट्या-जुलाबांनी पाणी कमी पडलं तर घेऊ शकतं. सोबत दारू किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची-चिंतेची गोळी असेल तर ते एकदम थांबवल्याने झटके येऊ शकतात. ट्रॅमाडॉल तर चालू असतानाही झटके आणू शकतं, आणि बंद करताना त्याचा सेरोटोनिनशी असलेला संबंध त्रासात भर घालतो. गरोदर बाईने स्वतःहून एकदम बंद करूच नये. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि टेलिमानससाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

आणि घरात सर्वांना हे सांगून ठेवा: काही आठवडे बंद राहिल्यावर जुना डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. सवय उतरलेली असते आणि ओढ तशीच असते. या फटीत मृत्यूचा धोका फार वाढतो.

चार महिने झाले, व्यवस्थित आहेत. गड्ड्याला न्यायचं का? पूर्वी मित्रांसोबत तिथेच घ्यायचे.

न्या. सिद्धेश्वराची यात्रा वर्षातून एकदा येते, घरात बसवून ठेवून काय होणार? पण होम मैदानावर एकट्याला नको. तुम्ही आणि मुलं बरोबर असा, दिवसा जा, जेवून जा. ते ज्या बाजूने मित्रांसोबत आत शिरायचे त्या बाजूने शिरू नका, रिक्षाच दुसरीकडे थांबवा. मध्येच जांभया, नाकाला पाणी, चिडचिड सुरू झाली तर विचारपूस करत बसू नका. पाळणा राहिला तरी चालेल, मुलांना उद्या परत आणता येईल.